फोल्डर दिसतं, पण उघडत नाही: एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

विंडोजच्या एका संगणकावर शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्यावर दिसतं. क्लिक केलं की नाव-पासवर्ड विचारला जातो, आणि रोजचा पिन टाकला तर तो चालत नाही. आपलंच काही चुकलं असं वाटतं. खरं तर हा घोळ जवळपास चाळीस वर्षांच्या थरांचा आहे.

यामागची भाषा म्हणजे एसएमबी, जिच्यातून संगणक नेटवर्कवर एकमेकांच्या फाइली मागतात. ती १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी बेतली. मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि १९९२च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून ती सामान्य संगणकांवर आली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी ज्यावर काम सुरू केलं, त्याचं पुढे ‘सांबा’ झालं, म्हणजे विंडोज नसलेल्या संगणकांनाही हीच भाषा बोलू देणारा प्रोग्रॅम. एस, एम आणि बी ही अक्षरं असलेला शब्द शब्दकोशात शोधताना ते नाव सापडलं!

विंडोज ९५-९८च्या काळात घरी कुलूप फोल्डरला असे. पासवर्ड माहीत आहे? या आत. तुम्ही कोण, हे कुणी विचारत नसे. कचेऱ्यांसाठीच्या विंडोज एनटीची रीत उलटी: आधी ओळख पटवा, मग त्या खात्याला काय मुभा आहे ते बघू. २००१मध्ये विंडोज एक्सपीने ही रीत घरात आणली आणि लगेच तिच्यावर पांघरूणही घातलं. ‘सिंपल फाइल शेअरिंग’मध्ये नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण ‘गेस्ट’ समजला जाई. सोय झाली, पण खाती म्हणजे काय हे शिकायचं राहून गेलं, असं माझं मत.

पुढच्या विंडोज व्हिस्टापासून पांघरूण निघालं आणि खरी अडचण उघडी पडली. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे घरातल्या संगणकांच्या साध्या गटात, खात्यांची मध्यवर्ती नोंदवही नसते, प्रत्येक संगणक आपली वेगळी वही ठेवतो. त्यामुळे फोल्डर ज्या संगणकावर आहे, त्याच्या वहीत तुमचं नाव आणि पासवर्ड हवा. पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज मुळात नेटवर्कवरून आत घेत नाही. यावर उतारा म्हणून २००९मध्ये विंडोज ७बरोबर ‘होमग्रुप’ आला, सगळ्या घराला एकच पासवर्ड. २०१८च्या विंडोज १०मधून तो काढून टाकला गेला.

दरम्यान मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. त्या वर्षअखेरीच्या नव्या विंडोज १०पासून ही आवृत्ती आपोआप बसवणं बहुतांशी बंद झालं, आणि तिच्यावर विसंबलेली ‘नेटवर्क’मधली संगणकांची जुनी यादीही. म्हणून यादीत नाव नसलं तरी दोन उलट्या तिरप्या रेघांपुढे आयपी पत्ता लिहिला की कित्येकदा फोल्डर उघडतं.

पिनचं कोडं त्यामानाने सोपं. विंडोज ८पासून (२०१२) लॉगिनला ईमेलवालं खातं आलं. पिन मात्र त्या एकाच यंत्रापुरता असतो. नेटवर्कला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो बहुतेकांनी सेटअपच्या दिवसानंतर टाइपच केलेला नसतो. काही जण शेअरिंगपुरतं वेगळं स्थानिक खातं काढतात. मलाही तेच बरं वाटतं.

ताजा थर २०२४चा. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीने, प्रो आणि त्यावरच्या संस्करणांत, एसएमबीची सही (संदेश वाटेत बदललेला नाही याची डिजिटल खूण) मुळातच सक्तीची केली आणि प्रोमध्येही गेस्ट म्हणून आत शिरण्याची वाट बंद केली. काल चालणारी जुनी नेटवर्क ड्राइव्ह अपडेटनंतर रुसते, ती बहुधा याचमुळे.