जाणारा ट्रॅफिक आपला, येणारा जगाचा

दोन पुरवठादारांकडून एकेक जोडणी घ्या, राउटरवर बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) चालू करा, ट्रॅफिक आपोआप निम्मानिम्मा वाटला जाईल आणि वेग दुप्पट होईल, असं जाहिराती इतक्या ठामपणे सांगतात की नेटवर्कचं काम करणारेही कधीकधी मान डोलावतात. मुळात कुठली तार किती भरली आहे, हे बीजीपीला कळतच नाही. मग ते वाटणी कशाच्या जोरावर करणार?

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कांची जोडाजोड. प्रत्येकाला ओळखीसाठी एक एएस क्रमांक असतो. बीजीपीमधून ही नेटवर्कं एकमेकांना एवढंच कळवतात की अमुक पत्ते माझ्यामार्गे गाठता येतील आणि वाटेत ही ही नेटवर्कं लागतील. १९८९ मध्ये कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी याचा पहिला आराखडा जेवता जेवता कागदी रुमालांवर मांडला होता. त्याचीच चौथी आवृत्ती आज चालते.

बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकचं फारसं अडत नाही, कारण निर्णय आपल्याच राउटरचा असतो. एरवी तो प्रत्येक ठिकाणासाठी एकच सर्वोत्तम वाट धरतो. सांगितलं तर दोन सारख्या वाटा एकदम वापरतो. मात्र तेव्हाही पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, एक इकडे, एक तिकडे अशी टाकत नाही. दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट (त्या पत्त्यावरच्या प्रोग्रामचे क्रमांक) यांवरून तो एक आकडा काढतो आणि त्या संवादाची सगळी पॅकेटं एकाच तारेवर पाठवतो. क्रम बिघडला, तर पॅकेट हरवलं असं समजून टीसीपी (दोन टोकांमधली देवाणघेवाण सांभाळणारी पद्धत) वेग कमी करतं, म्हणून ही काळजी. त्यामुळे एकच मोठी फाइल पाठवताना दोन तारा असूनही एकीचाच वेग मिळतो.

खरी गंमत येणाऱ्या ट्रॅफिकमध्ये आहे. तो कुठल्या तारेवरून यावा हे पाठवणारा आणि मधली नेटवर्कं ठरवतात. आपल्या हातात फक्त मनधरणी. पहिली युक्ती म्हणजे नको असलेल्या बाजूला जाहीर करताना आपलाच एएस क्रमांक तीनचारदा लिहायचा. वाट लांब दिसते, लोक दुसरीकडून येतात. पण वाटेची लांबी मोजण्याआधी प्रत्येक राउटर ‘लोकल प्रेफरन्स’, म्हणजे त्याच्या मालकाने ठरवलेली पसंती, पाहतो, आणि आपल्या पैसे देणाऱ्या ग्राहकाकडे जाणारी थेट वाट पुरवठादार बहुधा तिथेच वर ठेवतो. मग आपण क्रमांक कितीही वेळा लिहिला तरी त्याला फरक पडत नाही. तरीही काहीजण तीनाचे सहा, सहाचे बारा करत जातात. नवस फळला नाही म्हणून आणखी मोठा नवस बोलावा, तसंच हे! पुरवठादाराने सोय दिली असेल, तर मार्गाला ‘कम्युनिटी’ नावाची खूण जोडून त्यालाच आपली पसंती खाली उतरवायला सांगणं केव्हाही बरं.

दुसरी युक्ती जालीम आहे. पॅकेट पुढे ढकलताना राउटर नेहमी सर्वांत नेमका पत्तासमूह निवडतो; तिथे लांबी आणि पसंती दोन्ही गौण. समजा आपल्याकडे ५१२ पत्त्यांचा /२३ समूह आहे (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका समूह लहान आणि नेमका). त्याचे २५६-२५६ चे दोन /२४ करून पहिला डाव्या पुरवठादाराकडे, दुसरा उजव्याकडे जाहीर केला, की पहिल्या निम्म्या पत्त्यांकडे येणारं जग डावीकडून येतं, उरलेलं उजवीकडून. याहून बारीक तुकडे मात्र बहुतेक नेटवर्कं गाळून टाकतात. शिवाय पत्ते निम्मे झाले म्हणून ट्रॅफिक निम्मा होत नाही. सगळे गर्दीचे सर्व्हर एकाच अर्ध्यात असले, तर एक तार तुडुंब आणि दुसरी रिकामी.

हा नियम किती बलवान आहे ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. यूट्यूब आपले पत्ते /२२ म्हणून जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरती बंदी घालताना त्यातला एक /२४ जाहीर केला आणि तो चुकून बाहेर पसरला. सुमारे दोन तास जगभरातला यूट्यूबचा ट्रॅफिक भरकटला, कारण /२४ जास्त नेमका होता. शेवटी यूट्यूबलाही स्वतःचा /२४ आणि त्याहून बारीक /२५ जाहीर करावे लागले.

तुकडे करताना मूळचा /२३ देखील दोन्हीकडे जाहीर ठेवायचा असतो. डावी तार तुटली की तिकडचा /२४ जगाच्या यादीतून पुसला जातो आणि ते पत्ते उजवीकडच्या /२३ वरून सापडतात. मात्र समोरचा राउटर गप्प झाला हे ठरवायलाच बीजीपी अनेकदा ९० किंवा १८० सेकंद घेतं. आणि दोन्ही तारा आधीच ७० टक्के भरल्या असतील, तर त्यानंतर उरलेल्या एका तारेवर १४० टक्के ट्रॅफिक येऊन आदळतो.