मोठ्या कुत्र्यांचा प्रवास आणि शामक औषधे

प्रवासात घाबरणाऱ्या किंवा आवरता न येणाऱ्या कुत्र्याला शांत ठेवण्यासाठी पशुवैद्याच्या चिठ्ठीवर दिली जाणारी औषधे. बोलण्यात या सगळ्यांनाच ‘गुंगीची गोळी’ म्हणतात आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात: अंग शिथिल करून गुंगी आणणारी औषधे म्हणजे खरी शामके, भीती कमी करणारी औषधे आणि मळमळ थांबवणारी औषधे. कुत्रा गप्प पडून आहे म्हणजे त्याची भीती गेली, असे होत नाही. त्यामुळे कोणती गोळी द्यायची यापेक्षा कुत्र्याला नेमके काय होते, हे आधी पाहावे लागते.

पुष्कळ कुत्र्यांना गाडीची भीती नसते, गाडी लागत असते. लाळेच्या तारा सुटणे, सारखे ओठ चाटणे, जांभया देणे आणि घाटाची वळणे सुरू होताच उलटी करणे ही त्याची लक्षणे. पिल्लांमध्ये हे अधिक दिसते; वय वाढले की अनेकांचे आपोआप थांबते. अशा कुत्र्याला मॅरोपिटंट हे उलटी रोखणारे औषध बहुधा पुरते आणि ते शामक नाही. अमेरिकेत ते २००७ पासून कुत्र्यांसाठी मान्य आहे. गाडी लागण्यासाठीची त्याची मात्रा एरवीच्या उलटीवरील मात्रेच्या चौपट असते, म्हणून मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने देऊन भागत नाही. दोन-चार वेळा गाडी लागलेला कुत्रा मात्र पुढे नुसते दार उघडले तरी थरथरू लागतो. मग मळमळ आणि भीती या दोन्हींवर इलाज करावा लागतो.

शामकांमध्ये जुने आणि पुष्कळदा चुकीच्या पद्धतीने वापरले गेलेले औषध म्हणजे ॲसेप्रोमाझिन. फेनोथायाझिन गटातले हे औषध मेंदूत संदेश पोहोचवणाऱ्या डोपामिन या रसायनाचे काम अडवते. कुत्रा ढेपाळतो, मान खाली घालतो, डोळ्यांवर आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी ओढल्यासारखी दिसते. पण भीती घालवण्याची ताकद त्यात फारशी नाही आणि वेदना तर मुळीच थांबत नाहीत. आवाजाला दचकणे चालूच राहते, काही कुत्र्यांत वाढतेही. ट्रकचा हॉर्न कानाशी वाजतो, कुत्रा घाबरतो, पण उठून दूर जाण्याचे बळ पायांत नसते. अशा अवस्थेत एरवी गरीब असलेला कुत्राही चावू शकतो. म्हणून प्रवासाच्या भीतीवर हे औषध एकटे देणे वर्तनाचा अभ्यास असलेले पशुवैद्य टाळतात, आणि ते योग्यच आहे.

त्याऐवजी आता ट्रॅझोडोन आणि गाबापेन्टिन यांचा वापर वाढला आहे, कधी एकेकटा, कधी दोन्ही मिळून. दोन्ही मुळात माणसांची औषधे आहेत: पहिले नैराश्यावरचे, दुसरे फेफऱ्यावरचे. निघण्याच्या साधारण दीड-दोन तास आधी ती द्यावी लागतात. कुत्रा एकदा घाबरून उसळला की नंतर दिलेल्या गोळीचा गुण कमी येतो. गाबापेन्टिनच्या माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. ट्रॅझोडोनबाबतची सावधगिरी आपल्याकडे विशेष महत्त्वाची: गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ त्याच्याशी जमत नाही. दोन्ही एकत्र आल्यास मेंदूतील सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन धोक्याच्या पातळीपर्यंत वाढू शकते. गोचिडांचे औषध बाहेरून लावायचे म्हणून मालक त्याचा उल्लेख करायला विसरतात, तो आवर्जून करावा. भीती कमी करण्यासाठीच दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलॅम या औषधाने काही कुत्रे शांत होण्याऐवजी उलट चेकाळतात.

मोठा कुत्रा म्हणजे लहान कुत्र्याची मोठी आवृत्ती नव्हे. पाच किलोच्या कुत्र्याच्या शरीराचे पृष्ठफळ सुमारे ०.३ चौरस मीटर, तर पन्नास किलोच्या कुत्र्याचे सुमारे १.३७. म्हणजे वजन दहापट, पृष्ठफळ पाचपटीहूनही कमी. काही शामकांचा परिणाम वजनापेक्षा पृष्ठफळाशी अधिक जुळतो; तिथे वजनाने सरळ गुणाकार केला तर ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डला मात्रा जास्त होते. जातीचाही फरक पडतो. बॉक्सर ॲसेप्रोमाझिनला फार नाजूक असतात, रक्तदाब उतरून कोसळू शकतात. कोली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात, तसेच काही जर्मन शेफर्डमध्येही, एमडीआर-१ या जनुकातील दोषामुळे मेंदूत शिरलेली काही औषधे बाहेर टाकली जात नाहीत. २००१ मध्ये हा दोष कोलींमध्ये ओळखला गेला. अशा कुत्र्यांना ॲसेप्रोमाझिन द्यायचेच झाले तर मात्रा कमी ठेवतात. ग्रेहाउंडसारखे सडपातळ शिकारी कुत्रे काही भुलींतून फार सावकाश बाहेर येतात. महाराष्ट्र-कर्नाटकाकडील कारवानी हा देशी शिकारी कुत्रा त्याच बांध्याचा असल्याने त्याच्या बाबतीतही पशुवैद्याने हात आखडता ठेवलेला बरा.

वजनाचा आणखी एक साधा प्रश्न असतो. झोकांडत चालणारा चाळीस किलोचा कुत्रा एकट्या माणसाला उचलता येत नाही. तो गाडीतून उडी मारायला जातो आणि तोंडावर पडतो. उतरवताना दुसरा माणूस, पोटाखालून घ्यायला जाडसर चादर आणि पायांखाली न घसरणारी सतरंजी हवी.

उन्हाळ्यात धोका सर्वांत मोठा. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो आणि गुंगीत धापणेच मंदावते. त्यात ॲसेप्रोमाझिन शरीराचे तापमान-नियंत्रणही बिघडवते. बुलडॉग, बॉक्सर यांसारख्या आखूड नाकाच्या जातींचा श्वास आधीच अडखळता असतो. एसी बंद पडलेल्या गाडीत गुंगीतला कुत्रा तक्रारही करत नाही.

विमानप्रवासासाठी शामक न देण्याचाच सल्ला अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशन देते, आणि गुंगीत दिसणारा कुत्रा अनेक विमान कंपन्या घेत नाहीत. मोठा कुत्रा सामानाच्या कप्प्यात जातो. तिथे हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितका होऊ शकतो आणि श्वास अडकला तरी पाहायला कोणी नसते. पिंजरा हलला की जागा असलेला कुत्रा पाय रोवतो, गुंगीतला आपटतो. त्याऐवजी पिंजऱ्यात खाण्या-झोपण्याची सवय काही आठवडे आधीपासून लावतात.

रेल्वेत संपूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित केल्यास एसी प्रथम वर्गात कुत्रा सोबत नेता येतो, अन्यथा तो ब्रेकव्हानमध्ये, म्हणजे गार्डच्या व सामानाच्या डब्यात, जातो. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार पशुवैद्याचा प्रकृती दाखला लागतो. त्याच भेटीत हृदय, यकृत आणि मूत्रपिंडे तपासून घेऊन शामकाचा निर्णय करता येतो. ब्रेकव्हानमध्ये कुत्रा नजरेआड असतो, त्यामुळे तिथेही गुंगी टाळावी.

चांगले पशुवैद्य प्रवासाआधी काही दिवस घरीच एक मात्रा देऊन पाहायला सांगतात, सुटीचा आणि घरात कोणीतरी जागे असलेला दिवस निवडून. गुण किती वेळात आला, किती टिकला, कुत्रा चेकाळला का, हे टिपून ठेवायचे आणि त्यावरून मात्रा बदलायची. प्रत्यक्ष प्रवासात दर तासा-दोन तासांनी हाक मारून पाहतात: हाकेला कान हलले, हिरड्या गुलाबी असल्या, श्वास संथ असला तर ठीक. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर झाल्या, अंग तापले किंवा हाक मारूनही डोळे उघडले नाहीत, तर पुढचा मुक्काम सोडून जवळचा पशुवैद्य गाठायचा आणि औषधाची पट्टी त्याच्या हातात द्यायची.