पार्श्वभूमी : विज्ञानकथेतला नॉयर डिटेक्टिव्ह आणि त्याच्या मालिका

हार्डबॉइल्ड, म्हणजे निबर मनाच्या डिटेक्टिव्हची, रहस्यकथा अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांत कशी वाढली, ते इथे सांगत नाही. विज्ञानकथेशी तिचं जुळायला वेळ लागला. त्या काळच्या एका वजनदार संपादकाचं मत होतं की विज्ञानकथेत खरी रहस्यकथा जमणारच नाही. डिटेक्टिव्ह अडला की लेखक त्याला नवं यंत्र काढून देणार. 1953 साली क्रमशः आलेल्या 'द केव्ह्ज ऑफ स्टील' या कादंबरीने हा आक्षेप खोडला. यंत्रमानवांवरचे निर्बंध आधीच सांगून उकल त्याच चौकटीत बसवली. त्याच मालिकेतली दुसरी कादंबरी 1957ची, तिसरी थेट 1983ची. नॉयर, म्हणजे रहस्यकथेची ती निराश, काळोखी छटा, मात्र त्यांत शोधू नये. तो पाऊस आणि तो अंधार 1982च्या एका चित्रपटानंतर या प्रकाराला कायमचा चिकटला.

मालिका लिहिणाऱ्याची अडचण वेगळीच असते. नॉयरचा नायक शेवटच्या पानावर पुरता झिजलेला असतो. पुढच्या पुस्तकात त्याला उभा कसा करायचा? 1987 साली सुरू झालेल्या एका मालिकेने ही झीज लपवली नाही. मेंदूत सॉकेट (यंत्र जोडायची खाच) बसवून घ्यायला नकार देणारा नायक अखेर ते बसवून घेतो, आणि दुसऱ्या पुस्तकात (1989) शहरातल्या बड्या धेंडाचा माणूस म्हणून पोलिसांत दिसतो. माझ्या मते हीच सगळ्यांत प्रामाणिक मालिका, जरी ती तीन पुस्तकांवरच थांबली.

मग 2002मध्ये 'ऑल्टर्ड कार्बन' ही कादंबरी आली. यात माणसाचं मन मानेतल्या चकतीत साठवलेलं असतं आणि शरीर बदलता येतं. एक अतिश्रीमंत माणूस स्वतःच्याच मृत्यूचा तपास करायला नायकाला नेमतो. त्या श्रीमंताच्या मनाची प्रत दर 48 तासांनी निघते, त्यामुळे नेमके शेवटचे तास त्याला आठवत नाहीत. पोलिसांच्या लेखी ती आत्महत्या आहे. नियम आधी, कोडं नंतर, ही जुनी शिस्त इथेही पाळली आहे.

वाद पेटला तो दुसऱ्या पुस्तकावरून (2003). नायक तोच, पण शरीर वेगळं, ग्रह वेगळा, मध्ये सुमारे तीस वर्षं गेलेली, आणि तो यादवी युद्धात भाडोत्री सैनिक! सोडवायला केस नाहीच. पहिल्यासारखाच तपास मिळेल म्हणून आलेल्या वाचकांना ही फसवणूक वाटली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नॉयर नायकाच्या धंद्यात नसून नजरेत असतं. तक्रार अगदीच खोटी नाही; ती युद्धकादंबरीच आहे. पण शरीरासकट भाड्याने मिळणाऱ्या माणसाने आयुष्यभर डिटेक्टिव्हच राहावं, हा हट्ट कशाला? पहिल्या पुस्तकातही तपास त्याच्यावर लादलेलाच होता. तिसऱ्यात (2005) तर त्याच्याच तरुणपणाची प्रत त्याच्या मागावर सोडली जाते. ही कल्पना साध्या डिटेक्टिव्ह मालिकेत बसलीच नसती. 2018मध्ये सुरू झालेल्या पडद्यावरच्या रूपानेही दुसऱ्या हंगामात मुख्य आधार तिसऱ्या पुस्तकाचाच घेतला.

2011 ते 2021 या काळातल्या नऊ कादंबऱ्यांच्या एका अंतराळमालिकेने आणखी पुढची वाट काढली. पहिल्याच पुस्तकात अंतराळस्थानकावरचा थकलेला डिटेक्टिव्ह हरवलेल्या मुलीचा माग काढता काढता मरतो. पुढे परग्रहवासीयांचं एक तंत्रज्ञान त्याच्याच रूपात परत येतं, कारण त्यालाही काही हरवलेलं शोधायचं असतं.