ग्राफिक्स कार्डांची सैद्धांतिक कार्यक्षमता

ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात जास्तीत जास्त किती काम करू शकेल, हे त्याच्या रचनेवरून गुणाकार करून काढतात. अशा आकड्यांना त्या कार्डाची सैद्धांतिक कार्यक्षमता म्हणतात. हे आकडे मोजलेले नसतात. चिपमधला प्रत्येक भाग प्रत्येक क्षणी कामात गुंतलेला आहे, कोणालाही माहितीची वाट पाहावी लागत नाही, असे गृहीत धरून ते मांडलेले असतात. म्हणून ते कार्डाची वरची मर्यादा सांगतात. संगणकावरच्या खेळात किंवा व्हिडिओ संपादनात प्रत्यक्ष काय मिळेल ते सांगत नाहीत. दुकानात किंवा संकेतस्थळावर दोन कार्डे शेजारी ठेवताना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो तो हाच फरक.

हिशेब सोपा आहे. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० मध्ये २,५६० कोअर, म्हणजे गणना करणारी छोटी युनिटे, आहेत आणि बूस्ट क्लॉक, म्हणजे जोर लावल्यावरचा ठोक्यांचा वेग, १,७३३ मेगाहर्ट्झ आहे. एक कोअर एका ठोक्यात गुणाकार आणि बेरीज एकत्र करतो, म्हणून त्याच्या दोन क्रिया धरतात. २,५६० गुणिले २ गुणिले १.७३३ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ८,८७३ गिगाफ्लॉप्स, अर्थात ८.८७ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रिया). मेमरीचा हिशेबही असाच होतो: मेमरीला जोडणाऱ्या तारांची, म्हणजे बसची, रुंदी २५६ बिट, प्रत्येक तारेवरून सेकंदाला १० गिगाबिट, गुणाकाराला ८ ने भागले की ३२० गिगाबाइट प्रतिसेकंद ही बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून माहिती ये-जा करण्याचा वेग, मिळते. तयार पिक्सेल मेमरीत लिहिणारी युनिटे ६४ आणि वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे वाचणारी टेक्स्चर युनिटे १६०. त्यांना क्लॉकने गुणले की सेकंदाला सुमारे १११ अब्ज पिक्सेल आणि २७७ अब्ज टेक्सेल (टेक्स्चरमधले ठिपके) हे दोन भरण-दर निघतात.

यात क्लॉक कोणता धरला, हे पाहायलाच हवे. त्याच कार्डाचा १,६०७ मेगाहर्ट्झचा बेस क्लॉक, म्हणजे किमान हमीचा वेग, घेतला तर ८.८७ चे ८.२३ टेराफ्लॉप्स होतात. चांगला पंखा असलेले कार्ड छापील बूस्टच्याही वर चालते, तर कोंदट कॅबिनेटमध्ये तापलेले कार्ड खाली उतरते. लॅपटॉपमध्ये तर उत्पादक किती वॅट देतो यावर सगळे ठरते. आरटीएक्स ३०६० ची लॅपटॉप आवृत्ती ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या मर्यादांवर विकली गेली. नाव मात्र सगळीकडे एकच.

एकाच पिढीतल्या, एकाच रचनेच्या कार्डांची तुलना करायला हे आकडे चांगले उपयोगी पडतात. जीटीएक्स १०७० चे टेराफ्लॉप्स सुमारे ६.५ आणि बँडविड्थ २५६ गिगाबाइट. म्हणजे १०८० गणनेत ३७ टक्के आणि मेमरीत २५ टक्के पुढे. खेळांत ते साधारण २० ते २५ टक्के पुढे राहते, म्हणजे क्रम बरोबर आणि अंतराचा अंदाजही जवळचा.

रचना बदलली की हा आधार सुटतो. ऑगस्ट २०१७ मध्ये एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीने आरएक्स वेगा ६४ बाजारात आणले: ४,०९६ कोअर, १२.६६ टेराफ्लॉप्स, सुमारे ४८४ गिगाबाइट बँडविड्थ. कागदावर ते जीटीएक्स १०८० पेक्षा गणनेत ४३ टक्के आणि मेमरीत ५१ टक्के सरस होते. खेळांत मात्र दोघांची बरोबरी झाली, आणि वीज वेगा ६४ ने जास्त खाल्ली: १०८० ची मर्यादा १८० वॅट, वेगा ६४ ची २९५. कारण शोधताना इतर रकाने बोलके ठरतात. पिक्सेल लिहिणारी युनिटे दोन्हींत ६४ च आणि वेगा ६४ चा क्लॉक कमी, म्हणून त्याचा पिक्सेलचा दर सुमारे ९९ अब्जांवरच थांबला. शिवाय त्या रचनेत चित्र ज्या त्रिकोणांचे बनते त्यांवर प्रक्रिया करणाऱ्या सुरुवातीच्या टप्प्याला इतक्या कोअरना सतत काम पुरवणे जमत नव्हते. वेगा कमकुवत नव्हते. चित्र काढण्याचे काम बाजूला ठेवून निव्वळ गणित दिले की त्याची ताकद दिसे. क्रिप्टो चलनाचे मायनिंग करणाऱ्यांनीही ती कार्डे उचलली.

दुसरे उदाहरण एकाच कंपनीतले, एनव्हिडियाचे, असल्याने अधिक शिकवणारे आहे. २०१८ च्या आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४,३५२ कोअर आणि १३.४५ टेराफ्लॉप्स, २०२० च्या आरटीएक्स ३०७० मध्ये ५,८८८ कोअर आणि २०.३ टेराफ्लॉप्स. छापील फरक ५० टक्क्यांचा, खेळांतला जवळजवळ शून्य. २०८० टीआयच्या जुन्या ट्युरिंग रचनेत युनिटांच्या प्रत्येक गटात दशांश संख्यांसाठी ६४ आणि पूर्णांकांसाठी वेगळी ६४ युनिटे होती. टेराफ्लॉप्स मोजताना फक्त पहिली ६४ धरली जात. ३०७० च्या नव्या अँपिअर रचनेत पूर्णांकांची बाजू दशांश संख्याही हाताळू लागली, म्हणून सगळी १२८ मोजली गेली. पण खेळाच्या प्रोग्रॅममध्ये पत्ते काढणे, तुलना करणे अशी पूर्णांकांची कामे असतातच; ती करताना ती युनिटे दशांश गणनेला मोकळी राहत नाहीत. त्यातच ३०७० ची बँडविड्थ ४४८ गिगाबाइट, २०८० टीआयची ६१६. आकडा खोटा नव्हता, पण मोजण्याची पद्धत न सांगता तो जुन्या आकड्याशेजारी ठेवणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे.

बँडविड्थचा आकडाही आता एकट्याने पुरत नाही. एएमडीच्या आरएक्स ६८०० एक्सटीची बँडविड्थ ५१२ गिगाबाइट, तर त्याचा प्रतिस्पर्धी आरटीएक्स ३०८० ची ७६०. तरीही ६८०० एक्सटी मागे पडले नाही, कारण एएमडीने चिपमध्येच १२८ मेगाबाइटचा कॅश (जवळची छोटी, वेगवान मेमरी) बसवला आणि मेमरीकडे जाणाऱ्या फेऱ्या वाचवल्या. फोर-के रिझोल्यूशनला तो कॅश अपुरा पडू लागतो आणि तिथे ३०८० ची सरशी होते.

मेमरीच्या क्षमतेवरून, म्हणजे किती जीबी यावरून, निवड करणारे सर्वाधिक फसतात. जीटी १०३० हे स्वस्त कार्ड दोन प्रकारांत निघाले, दोन्ही २ जीबी. जीडीडीआर५ प्रकाराची बँडविड्थ ४८ गिगाबाइट, नंतर आलेल्या डीडीआर४ प्रकाराची अवघी १६.८. दुसऱ्यात खेळ अडखळतात. जीटीएक्स ९७० च्या वेळी तर प्रसिद्ध केलेला तपशीलच चुकीचा निघाला: पिक्सेल युनिटे ६४ सांगितली होती, ती ५६ होती, आणि ४ जीबीपैकी शेवटची अर्धी जीबी बाकीच्या साडेतीन जीबीपेक्षा खूपच मंद होती. जानेवारी २०१५ मध्ये एनव्हिडियाने हे मान्य केले. अमेरिकेतल्या दाव्यात पुढे कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली.

टेराफ्लॉप्स कोणत्या अचूकतेचे, म्हणजे प्रत्येक संख्या किती बिटांत मांडून मोजलेले, हाही प्रश्न आहे. एनव्हिडियाच्या ए१०० चिपची क्षमता ६४ बिट अचूकतेला ९.७ टेराफ्लॉप्स, ३२ बिटला १९.५, आणि १६ बिटला टेन्सर कोअर (एआयच्या गणितासाठीची खास युनिटे) वापरून ३१२. घरगुती कार्डांत ६४ बिटची क्षमता मुद्दाम कमी ठेवलेली असते. आरटीएक्स ४०९० मध्ये ती ३२ बिटच्या चौसष्टाव्या भागाइतकीच आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतला परम सिद्धी-एआय हा महासंगणक ए१०० वर उभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान महासंगणकांच्या नोव्हेंबर २०२० च्या टॉप५०० यादीत तो ६३ वा आला, तेव्हा त्याची सैद्धांतिक क्षमता ५.२७ पेटाफ्लॉप्स (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे हजार टेराफ्लॉप्स) आणि लिनपॅक या समीकरणे सोडवण्याच्या चाचणीत प्रत्यक्ष मोजलेली ४.६ पेटाफ्लॉप्स नोंदली गेली. ती यादी दोन्ही आकडे शेजारी छापते. घरगुती कार्डाच्या खोक्यावर दुसरा रकाना नसतो, म्हणून स्वतंत्र चाचण्यांतले प्रतिसेकंद फ्रेमचे आकडे वाचकाने स्वतः त्याच्याशेजारी मांडून पाहावे लागतात.