छर्‍याची बंदूक आणि पुढे झुकलेली दुर्बीण

कोलाचा रिकामा डबा कात्रीने कापला की हाती येणारा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. दुर्बिणीतला नेम वर-खाली करायचा नॉब शेवटाला पोचला की एअरगनचे, म्हणजे छर्‍याच्या बंदुकीचे, हौशी नेमबाज वर्षानुवर्षं याच पत्र्याची पट्टी दुर्बीण बंदुकीवर धरणाऱ्या दोन रिंगांपैकी मागच्या रिंगमध्ये दुर्बिणीखाली सारत आले आहेत. दोन रिंगांत १०० मिलिमीटर अंतर असेल, तर एवढ्याशा पट्टीने १०० मीटरवरचा मार १० सेंटिमीटर वर चढतो. माउंट म्हणजे दुर्बीण बंदुकीवर बसवायचा जोड; ॲडजस्टेबल माउंट म्हणजे याच जुगाडाला स्क्रू लावणं.

आपल्याकडे एअर रायफल म्हटलं की अंजली भागवत आठवतात. तो १० मीटरचा खेळ, तिथे दुर्बीण चालतच नाही. शंभर-दोनशे मीटरवर नेम धरणाऱ्यांचं दुखणं निराळं. छर्रा हलका, निघताना सेकंदाला २७०-२८० मीटर वेग असला तरी हवा तो भराभर खाते. २०० मीटर गाठायला त्याला जवळपास सेकंद लागतो, आणि सेकंदभरात खाली पडणारी वस्तू ४.९ मीटर उतरते. एवढी भरपाई बऱ्याच दुर्बिणींच्या नॉबमध्ये नसते. नॉब शेवटापर्यंत ताणला तर आतली स्प्रिंग सैल पडते आणि नेम धरायची फुली जागेवर राहत नाही.

गंमत अशी की दुर्बीण बाहेरून हलवणं हीच जुनी रीत. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूसला विल्यम माल्कम १८५० च्या दशकात लांबलचक दुर्बिणी बनवू लागले, तेव्हा उंची बदलायची तर माउंटचा स्क्रू फिरवून अख्खी दुर्बीणच उचलावी लागे. पुढे पिट्सबर्गच्या जॉन उनर्टल यांनी हेच काम मायक्रोमीटरसारख्या नॉबांनी बारीक केलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी स्नायपर कार्लोस हॅथकॉक यांच्या रायफलीवर उनर्टलचीच, आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण होती. पण गोळीच्या धक्क्याने अशी दुर्बीण माउंटमध्ये पुढे सरके, ती हाताने मागे ओढायची! १९३० च्या दशकात टेक्सासच्या विल्यम वीव्हर यांनी आतून जुळवायच्या दुर्बिणी स्वस्त केल्या, आणि हळूहळू माउंट नुसता धरून ठेवणारा तुकडा उरला.

छर्‍याच्या बंदुकीने त्याला पुन्हा कामाला लावलं. नळी मोडून भरायच्या बऱ्याच बंदुकांची नळी किंचित खाली झुकलेली असते. ते झुकणं भरून काढायला ब्रिटनच्या स्पोर्ट्समॅचसारख्या कंपन्यांचे माउंट आले. एकदा लावा, विसरा. दाबाच्या हवेवरच्या ताकदवान रायफलींनी पल्ला वाढवला, तसे स्वीडनच्या एफएक्स कंपनीच्या 'नो लिमिट'सारखे झुकाव बदलता येणारे माउंटही आले.

आराखडा कागदावर सोपा: पुढे बिजागरी, १०० मिलिमीटर मागे स्क्रू. स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा सरकतो ते अंतर, १ मिलिमीटर धरला, तर एका फेऱ्यात १०० मीटरवर मार एक मीटर सरकतो. म्हणजे आट्यांत ०.०१ मिलिमीटर ढिलाई राहिली तरी सेंटिमीटरभर चूक. खरी कसरत इथेच आहे. स्क्रूला सतत एका बाजूने दाबणारी स्प्रिंग हवी, वर लॉक हवा. दोन्ही रिंगा सुट्या असतील तर त्यांनी दुर्बिणीच्या कलानुसार वळलं पाहिजे, नाहीतर त्यांच्या कडा दुर्बिणीच्या नळीत रुततात. शिवाय झुकाव जास्त झाला तर २५ मीटरसारख्या जवळच्या नेमासाठी मार खाली आणायला नॉबमध्ये जागाच उरत नाही.

लॉक आवळल्यावर बरेच जण स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला.