महाराजबाग: आधी बाग, मग वाघ

रविवारी दुपारी नागपूरच्या महाराजबागेत वाघासमोरच्या कठड्याला टेकून उभं राहा, पाच मिनिटांत चर्चा सुरू होते. "काहून उठून नाही राहिला बे हा?" "गर्मी आहे ना भाऊ." "मेला तर नाही ना?" "पाह्य ना, कान हालवते." मग कोणीतरी शहाणा विचारतो, याला ताडोब्यात का सोडून देत नाहीत? दुसरा वनखात्याच्या नावानं बोटं मोडतो. तेवढ्यात तिसरा सांगतो की ही बाग वनखात्याची नाहीच, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची आहे. नवख्या माणसाला हे पटत नाही. कापूस, सोयाबीन आणि तुरीचं काम करणाऱ्या विद्यापीठाकडे वाघ कशाला असेल? पण खरी गोष्ट तीच आहे आणि तिथल्या बहुतेक तक्रारींचं मूळही त्यातच सापडतं.

नागपूरच्या भोसल्यांना बागांचा शौक होता. तुळशीबाग, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी ही सगळी त्यांचीच हौस. महाराजबाग त्यातलीच एक, नाग नदीच्या काठची, जुन्या शहरातला महाल भाग सोडून सीताबर्डीकडे निघालं की लागणारी. नोव्हेंबर १८१७ मध्ये इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांचं राज्य नावापुरतं उरलं. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाविना वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. बागा सरकारजमा झाल्या. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झाली, तशी साहेबलोकांना संध्याकाळी फिरायला जागा लागायला लागली. १८६३ मध्ये अजब बंगला, म्हणजे वस्तुसंग्रहालय, उभा राहिला. पेंढा भरलेली जनावरं पाहायची सोय तिथे झाली. जिवंत जनावरं महाराजबागेत आली ती १८९४ मध्ये.

हे साल जरा बाजूच्या सालांसोबत ठेवून पाहावं. मद्रासचं प्राणिसंग्रहालय १८५५चं, कलकत्त्याचं अलिपूर १८७६चं, म्हैसूरचं १८९२चं. मुंबईची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली तीही बाग म्हणूनच, प्राणी तिथे नंतर आले. त्या काळच्या कल्पनेत हे दोन वेगळे प्रकार नव्हतेच. गुलाबाचे ताटवे, कारंजं आणि कडेला लोखंडी गजांमागे एखादं अस्वल, असा तो एकूण थाट. पिंजरा चारी बाजूंनी उघडा, कारण पाहणाऱ्याला जनावर दिसलं पाहिजे. जनावराला लपायला जागा हवी, हा विचार फार पुढचा. गज काढून मध्ये खंदक ठेवायची पद्धत कार्ल हागेनबेकनं १९०७ मध्ये हॅम्बुर्गला आणली, आणि भारतातल्या जुन्या बागांपर्यंत ती पोचायला कित्येक दशकं गेली. आजही जुन्या शहरी प्राणिसंग्रहालयात वाघ आपल्याकडे पाठ करून कोपऱ्यात पडला असेल तर त्याला आळशी म्हणण्याआधी आडोसा कुठे आहे ते पाहावं. मांजरकुळातली जनावरं तशीही दिवसाचा बराच भाग झोपूनच काढतात.

आता विद्यापीठाचं. बाग म्हटली की माळी, रोपवाटिका, कलमं. म्हणून ती शेतीखात्याच्या अंगणात गेली. १९०६ मध्ये नागपूरला कृषी महाविद्यालय निघालं, तेही बागेला लागूनच. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झालं, महाविद्यालय त्याच्याकडे गेलं आणि महाविद्यालयासोबत बागही गेली. बागेत वाघ होते म्हणून वाघही गेले. सामान हलवताना कपाटातली वस्तू कपाटासकट नव्या घरी जावी, तसं हे झालं. कोणी बसून ठरवलं नव्हतं की वाघ कृषी विद्यापीठानं सांभाळावेत.

बरीच वर्षं त्यानं काही अडलं नाही. अडलं ते कायदा बदलल्यावर. १९९१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं आणि देशातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला मान्यता घेणं बंधनकारक झालं. पिंजऱ्याचं माप, पशुवैद्यक, आजारी जनावराला वेगळं ठेवायची जागा, मंजूर बृहद् आराखडा, आठवड्याची एक सुटी, सगळं कागदावर आलं. विद्यापीठाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, प्राध्यापकाचं पद असतं, प्राणिसंग्रहालयाच्या पूर्णवेळ संचालकाचं कुठून असणार? हा पेच वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये प्राधिकरणानं महाराजबागेची मान्यताच रद्द केली. शहरात एकच ओरड झाली. प्रकरण अपिलात गेलं आणि बाग चालू राहिली. माझं स्पष्ट मत, चूक प्राधिकरणाची नव्हती. पण जी संस्था मुळात या कामासाठी काढलीच नव्हती तिला नुसतं बोल लावणंही बरोबर नाही.

त्याच कायद्यातलं कलम ३८-जे मात्र पाहुण्यांसाठी आहे. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला चिडवणं, इजा करणं, खाऊ घालणं, आवाज करून त्रास देणं, आवारात कचरा टाकणं, सगळ्याला मनाई. हरणांना मुरमुरे टाकणारे काका हा कायदा मोडत असतात. त्यांना तसं सांगून पाहा, "प्रेमानं देऊन राहिलो ना" हे उत्तर ठरलेलं.

हरणांसमोर खरं तर सगळ्यात मजेदार वाद होतात. एखाद्या चितळाच्या डोक्यावर नुसते खुंट दिसतात आणि लोक हळहळतात, भांडणात शिंगं मोडली बिचाऱ्याची. शिंगांवर मखमलीसारखी लव दिसली की जखम झाली असं कोणीतरी ठरवून टाकतो. वास्तविक चितळाची आणि सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. वाढत असताना त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली लवदार कातडी असते, शिंग पक्कं झालं की ती खरवडून निघते. काळविटाचं पिळाचं शिंग मात्र जन्मभराचं, ते गळत नाही. चितळ आणि काळवीट असा हा साधा फरक एखाद्या मोठ्या पाटीवर चित्रासकट लिहिला तर अर्धी हळहळ थांबेल.

वाघाला सोडत का नाहीत, या प्रश्नाला मात्र पाटी पुरायची नाही. जुन्या काळी जनावर शोभेसाठी पकडून आणायचे. आताचे वाघ-बिबटे बहुतेक जंगलानं परत न घेण्यासारखे. ली आणि जान या वाघिणी अगदी बछड्या असताना महाराजबागेत आल्या. आईशिवाय वाढलेल्या वाघिणीला शिकार कोण शिकवणार? साहेबराव वाघाची गोष्ट याहून वाईट. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पळसगावच्या जंगलात शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात त्याचा पुढचा पाय अडकला आणि बोटं गेली. तो महाराजबागेत राहिला, मग गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात, म्हणजे जखमी-अनाथ जनावरं ठेवतात तिथे, गेला. जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहिला. त्यानं तो काढून टाकला.

गोरेवाड्याचं हे केंद्र २०१५ पासून आहे आणि २६ जानेवारी २०२१ला तिथे सफारी सुरू झाली. बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिल्यावरून वाद झाला, गोंडवाना नाव द्या म्हणून आदिवासी संघटना रस्त्यावर आल्या. तो वेगळा विषय. जागेचा फरक मात्र डोळ्यांत भरतो. तिकडे एकोणीसशेहून जास्त हेक्टरांचा परिसर, इकडे शहराच्या मधोमध कोंडलेली बाग. तरी जागा मोठी म्हणजे धोका टळला असंही नाही. डिसेंबर २०२४ अखेर गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेनं एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू, असं निदान केलं. मांसभक्षी जनावरांना काय आणि कुठून आणून घालतात, हा तोपर्यंत फक्त कर्मचाऱ्यांचा असलेला प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांत आला.

उन्हाळ्यात मात्र दोन्हीकडे तीच धावपळ. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पिंजऱ्यांना हिरव्या जाळ्या बांधतात, वाघापुढे कूलर लागतो, अस्वलाला टरबूज मिळतं. कूलरसमोर पसरलेला वाघ पाहून "आपल्यापेक्षा सुखी आहे लेकाचा" हे वाक्य मे महिन्यात हमखास ऐकू येतं.

गोरेवाडा झाल्यावर महाराजबाग ओस पडेल, असं बोललं जायचं. पडली नाही. सफारीची गाडी थांबते, जनावर दिसलं तर दिसलं, आणि गाडी पुढे निघते. तिथे वाद घालायला उसंत नसते. शिवाय काटोल रोडनं तिकडे जायला वाहन पाहिजे आणि सफारीच्या तिकिटाला घरातली पाच माणसं गुणून पाहावी लागतात. ताडोबा-पेंचची जिप्सी तर त्याहून लांबची गोष्ट. महाराजबागेला सीताबर्डीवर उतरून पोरांचा हात धरून चालत जाता येतं.