थोर की प्रभावी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

‘माझा आवडता थोर पुरुष’ या विषयावर शाळेत निबंध लिहिला नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. ‘माझा आवडता प्रभावी पुरुष’ असा विषय मात्र फळ्यावर कधी पडत नाही. मानवी इतिहासावर सर्वाधिक प्रभाव कोणाचा, हा वाद आपल्याकडे सुरू झाला की पाच मिनिटांत तो सर्वांत थोर कोण या वादात शिरतो, त्याचे मूळ इथे आहे. प्रभाव हा शब्दच आपण शुभ अर्थाने वापरतो. प्रभावी वक्ता, प्रभावी औषध. हिटलर विसाव्या शतकातला फार प्रभावी माणूस होता असे कोणी म्हटले की ऐकणारा आधी दचकतो, मग भांडतो. वाक्य खरे आहे की खोटे, हे तपासायची पाळीच येत नाही.

वाद जुना आहे. रोमन इतिहासकारांनी एक किस्सा नोंदवला आहे. युद्ध हरलेल्या कार्थेजच्या हॅनिबलला जिंकलेल्या रोमन सेनापती स्किपिओने विचारले, सर्वांत मोठा सेनापती कोण? हॅनिबलने अलेक्झांडर पहिला, एपिरसचा राजा पिऱ्हस दुसरा आणि तिसरा मी स्वतः असे सांगितले. मग मला हरवले असतेस तर, असे स्किपिओने विचारले. तर मी पहिला, हे हॅनिबलचे उत्तर. किस्सा बहुधा रचलेला असावा, पण क्रमवारी लावणारा स्वतः कुठे उभा आहे यावर क्रमवारी ठरते, हे त्या काळीही माहीत होते असे दिसते.

आधुनिक वादाची सुरुवात 1840 च्या मे महिन्यात लंडनमध्ये झालेल्या सहा व्याख्यानांपासून धरतात. जगाचा इतिहास म्हणजे थोर माणसांची चरित्रे, असा त्या स्कॉटिश व्याख्यात्याचा दावा. सुमारे तीस वर्षांनी एका इंग्रज समाजशास्त्रज्ञाने तो उलटवला: थोर माणूस समाज घडवतो हे मान्य, पण त्याआधी समाजाने त्याला घडवावे लागते. दीडशे वर्षे उलटली तरी चौकातली चर्चा याच दोन टोकांमध्ये फिरते.

महाराष्ट्रात हा वाद फार वेगळ्या वाटेने आला आणि माझ्या मते जास्त गंभीरपणे घातला गेला. 1900 साली न्या. महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मराठी राज्य हे एका धाडसी पुरुषाच्या पराक्रमाचे फळ, ही इंग्रज लेखकांची मांडणी त्यांना पटत नव्हती. संतांनी जातिभेदाची धार बोथट केली, लोकभाषेला प्रतिष्ठा दिली, अठरापगड समाजात एकपणाची भावना रुजवली; त्या नांगरलेल्या जमिनीत शिवाजी महाराजांचे कार्य उगवले, असे त्यांचे म्हणणे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांना हे मुळीच मान्य नव्हते. संतांनी लोकांना निवृत्त आणि दुबळे केले, असा त्यांचा उलट आरोप होता. म्हणजे जमीन महत्त्वाची की पेरणारा, हा प्रश्न आपल्याकडे शिवचरित्राच्या निमित्ताने आधीच ऐरणीवर होता. पण त्या वादातही ‘शिवाजी थोर होते का’ असे कोणी विचारत नव्हते. प्रश्न फक्त कारणांचा होता, आणि तो तेवढाच ठेवण्याची शिस्त दोन्ही बाजूंना होती.

नंतर हा धागा पुण्यातच पुन्हा उचलला गेला. 18 जानेवारी 1943, रानड्यांची 101 वी जयंती. गोखल्यांच्या नावाच्या सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे व्याख्यान झाले. विषय जाहीरपणे रानड्यांचा, पण पहिला बराच वेळ त्यांनी ‘थोर पुरुष कोणाला म्हणायचे’ या प्रश्नावर घालवला. इतिहास ईश्वरी योजनेने घडतो, भूगोल आणि निसर्ग घडवतात, आर्थिक शक्ती घडवतात, हे तिन्ही पक्ष त्यांनी मांडले. व्यक्तीला शून्य समजणारे हे पक्ष त्यांना अपुरे वाटले. परिस्थितीच्या शक्ती खऱ्याच, पण त्यांचा परिणाम माणसावर अवलंबून असतो. गारगोटी सगळीकडे नसते, जिथे असते तिथेही ती गारगोटीवर घासून ठिणगी पाडायला माणूस लागतो, असा त्यांचा दृष्टांत. रानड्यांची नांगरलेली जमीन आणि आंबेडकरांची गारगोटी शेजारी ठेवून पाहा. दोघेही व्यक्तीला आणि परिस्थितीला एकत्र धरतात. फक्त भर कुठे द्यायचा यात फरक आहे.

त्यापुढचा भाग आजच्या वादासाठी जास्त कामाचा. निष्ठा, म्हणजे मनाचा सच्चेपणा, असली की माणूस थोर होतो, ही 1840 च्या व्याख्यानांतली कसोटी आंबेडकरांना पुरेशी वाटली नाही. निष्ठेला बुद्धीची जोड हवी. ती जोड असली तरी माणूस फार तर नामांकित ठरतो. थोर ठरण्यासाठी त्याच्यामागे सामाजिक हेतूची प्रेरणा हवी. समाजाला चाबूक मारायची आणि त्याची घाणही उपसायची त्याची तयारी हवी. हे माप लावून त्यांनी रानडे, गांधी आणि जिना यांची तुलना केली आणि हयात असलेल्या दोन्ही नेत्यांपेक्षा रानड्यांना वर ठेवले. त्या काळच्या वर्तमानपत्रांवरही त्यांनी कोरडे ओढले: एकेकाळचा व्यवसाय आता साबण बनवण्यासारखा धंदा झाला आहे आणि पत्रकार आपापल्या नायकांचे ढोल बडवत आहेत. व्याख्यानावर टीका झाली. पुढे ते पुस्तिकेच्या रूपाने छापताना त्यांनी प्रस्तावनेत टीकाकारांना उत्तरही दिले.

आता ‘प्रभाव’ हा शब्द स्पर्धेच्या मैदानात कसा आला, ते पाहू. अमेरिकेतल्या एका साप्ताहिकाने 1927 च्या वर्षासाठी ‘वर्षातला माणूस’ निवडला. अटलांटिक एकट्याने ओलांडणारा वैमानिक, लिंडबर्ग. पुढे निकष असा पक्का झाला: चांगले असो की वाईट, ज्याने त्या वर्षीच्या घडामोडींवर सर्वाधिक परिणाम केला तो. म्हणून 1930 साठी गांधी, 1938 साठी हिटलर आणि 1939 व 1942 अशा दोन वर्षांसाठी स्टालिन. सन्मान आणि नोंद यांतला हा फरक वाचकांनी कधीच मनापासून स्वीकारला नाही. 1979 साठी इराणच्या खोमेनींची निवड झाली तेव्हा अमेरिकी वाचक खवळले, अनेकांनी वर्गणी बंद केली. 2001 साली, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, निकष जसाच्या तसा लावला असता तर कोणाचे नाव यायला हवे होते, ते सांगायची गरज नाही. निवडला गेला न्यूयॉर्कचा महापौर. शतकाअखेर ‘शतकातली व्यक्ती’ म्हणून आईनस्टाईन पहिले आले, गांधी आणि रूझवेल्ट त्यांच्यामागे. तिथेही हिटलरला का वगळले, ही कुरबुर झालीच.

1978 साली एका अमेरिकी खगोलभौतिकशास्त्रज्ञाने काढलेली शंभर नावांची यादी आजही फिरते. पहिले मुहंमद पैगंबर, मग न्यूटन, मग येशू, चौथे बुद्ध. त्याने स्पष्ट लिहिले होते की हा प्रभावाचा क्रम आहे, थोरवीचा नाही. फार कमी लोकांनी तेवढे वाचले. यादीत अशोक आणि महावीर आहेत, शंभरावे नाव महावीरांचेच. गांधी मुख्य यादीत नाहीत, शिवाजी महाराजही नाहीत, स्त्रिया अवघ्या दोन, त्याही राण्या. सातव्या क्रमांकावर मात्र कागदाचा शोध ज्याच्या नावावर आहे तो चिनी दरबारी त्साय लुन, आईनस्टाईनच्याही वर. हे मला त्या यादीतले सर्वांत धाडसी नाव वाटते. 1992 च्या सुधारित आवृत्तीत मार्क्स अकरावरून सत्तावीसवर घसरले आणि माओ विसावरून एकोणनव्वदीवर. मधल्या काळात बर्लिनची भिंत पडली होती. म्हणजे मेलेल्या माणसाचा भूतकाळातला प्रभावही वर्तमानाप्रमाणे कमी-जास्त होतो.

मग दूरचित्रवाणी आली. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये ‘सर्वांत थोर ब्रिटिश’ कोण यावर मतदान झाले. चर्चिल साडेचार लाखांहून अधिक मते घेऊन पहिले. दुसरा रेल्वे-पुलांचा अभियंता ब्रुनेल, कारण त्याच्या नावाच्या विद्यापीठातली मुले कामाला लागली होती. दुसऱ्या वर्षी जर्मनांनी नाझींना आधीच बाद करून मतदान घेतले. 2004 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचा शिल्पकार फेरवूर्ट वरच्या वीसांत आला आणि कार्यक्रम मध्येच गुंडाळावा लागला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये खून झालेल्या एका राजकारण्याला विजेता घोषित करण्यात आले, नंतर कळले की वेळेत न पोहोचलेली मते धरली असती तर निकाल वेगळा लागला असता.

भारतातली आवृत्ती 2012 साली आली. एक इतिहासविषयक वाहिनी, एक इंग्रजी वृत्तवाहिनी आणि एक साप्ताहिक यांनी मिळून ती घेतली. पहिल्याच घोषणेत गांधींना स्पर्धेबाहेर ठेवले होते. कारण असे की त्यांच्या जवळपासही कोणी पोहोचणार नाही, म्हणून शोध ‘महात्म्यानंतरच्या’ सर्वांत थोर भारतीयाचा.

वरवर पाहता यात आदरच दिसतो. पण थोडा वेळ थांबून बघू. स्पर्धा स्वातंत्र्योत्तर योगदानाची असेल, तर गांधी त्या कारणाने बाद करता आले असते. 15 ऑगस्ट 1947 नंतर ते जेमतेम साडेपाच महिने जगले. ती तांत्रिक सबब पुढे करून कोणाला दुखवता आले नसते. आयोजकांनी सबब दिली ती उंचीची. म्हणजे पहिला क्रमांक मतदानाआधीच देऊन टाकला आणि उरलेल्या पन्नास जणांना, प्रत्यक्षात शेवटच्या दहांना, दुसऱ्या क्रमांकासाठी रांगेत उभे केले. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी हा मुद्दा लगेच पकडला, आणि तो बिनतोड आहे असे मला वाटते. ज्या गांधींशी 1932 साली येरवड्यात पुणे करार करावा लागला, त्यांच्याशी तुलना होऊच शकत नाही, हे आंबेडकरांच्या बाबतीत कोणी कोणाला विचारून ठरवले? आंबेडकरांनी 1943 मध्ये पुण्यात जाहीर तुलना केलेली होती, गांधी हयात असताना, आणि तिचा निष्कर्षही सांगितला होता. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की गांधींना फोनवरच्या मतांच्या मोजणीत उतरवणे हाच त्यांचा अवमान ठरला असता. यात तथ्य आहे. मग तो अवमान पटेल, नेहरू, मदर तेरेसा यांचा होत नाही का, याचे उत्तर कोणी दिले नाही.

स्वातंत्र्योत्तर ही अटही सैलच होती. पटेल 1950 च्या डिसेंबरात गेले. त्यांची संस्थाने विलीन करण्याची कामगिरी अटीत बसते, बार्डोलीचा शेतकरी सत्याग्रह बसत नाही. आंबेडकरांची राज्यघटना आणि 1956 ची नागपूरची धम्मदीक्षा बसते, 1927 चे महाड बसत नाही. मत देताना महाड बाजूला ठेवून कोणी बटण दाबले असेल, यावर माझा विश्वास नाही.

आंबेडकर पहिले आले. निकाल तीन गोष्टींवरून लागला: परीक्षक मंडळ, बाजार-सर्वेक्षण आणि जनतेची मते. जनतेच्या मतांत आंबेडकरांना जवळपास 20 लाख, दुसऱ्या क्रमांकाच्या कलामांना त्यापेक्षा सहा लाखांनी कमी. दहांमध्ये तळाला नेहरू, 10 हजारांच्याही आत. अंतिम यादीत मात्र ते बरेच वर चढलेले दिसतात, म्हणजे परीक्षक आणि सर्वेक्षणाने हात दिला. सचिन तेंडुलकर आणि लता मंगेशकर हेही दहांत होते. आंबेडकरांची मते संघटितपणे आली, वस्त्यावस्त्यांतून निरोप फिरले, असे सांगून काहींनी निकालाला नाक मुरडले. ब्रुनेलसाठी विद्यार्थी राबले तेव्हा ते गमतीचे ठरले होते. आणि कोणाच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी एवढी माणसे आपणहून कामाला लागतात, यापेक्षा प्रभावाचा दुसरा पुरावा कोणता मागायचा?

त्यानंतरच्या दशकात क्रमवारी संगणकाकडे गेली. 2013 च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावरून काढलेल्या एका गणितात पहिल्या दहांत येशू, नेपोलियन, मुहंमद यांच्याबरोबर अमेरिकेचे तीन अध्यक्ष आले. दुसऱ्या एका गणिताने हा कल टाळण्यासाठी अनेक भाषांतल्या नोंदी घेतल्या. तिथे ॲरिस्टॉटल पहिला आला. त्या यादीत शिरायला पंचवीसहून जास्त भाषांत नोंद असणे आवश्यक होते. मराठीत कितीही लिहिले गेलेले असो, बाकी पंचवीस भाषांनी ज्याची दखल घेतली नाही तो माणूस त्या गणितात खालच्या क्रमांकावरही सापडत नव्हता.